मानपाड्याहून कोल्हापूर : अंतर किती आणि वेळ किती?

मानपाडा या नावाची दोन गावे आमच्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाणे शहराच्या अंगाला, घोडबंदरच्या रस्त्यावर. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्याला लागून. आमचे बिऱ्हाड या दुसऱ्या मानपाड्यात आहे. हा खुलासा आरंभीच करण्याचे कारण असे की, बाहेरगावचे पाहुणे पुष्कळदा पहिल्या मानपाड्यात जाऊन उतरतात आणि तेथून दूरध्वनी करून आमच्यावर रागावतात. एकाच नावाच्या दोन ठिकाणांमधील हे अंतर नकाशावर फार नाही. परंतु ते तोडण्यास लागणारा वेळ कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्रस्तुत लेखाचा विषयही वस्तुतः हाच आहे : अंतर आणि वेळ यांचा संबंध आपण शाळेत शिकलो तितका सरळ आहे काय? आमच्या कुटुंबावर आलेल्या एका प्रसंगाने हा प्रश्न आम्हांस विचारावयास लावला, म्हणून तो प्रसंगच आधी सांगतो.

सन २०२३ च्या जानेवारीतील एका मंगळवारी पहाटे पाच वाजता कोल्हापुराहून फोन आला. आमच्या आत्याबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या आणि खुब्याचे हाड मोडले होते. वय शहाऐंशी. त्यांना मूलबाळ नाही. आमची आई गेल्यावर आमच्या थोरल्या बंधूंना त्यांनीच पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. शस्त्रक्रिया त्याच दिवशी दुपारी चार वाजता करावयाचे ठरले होते. संमतिपत्रावर सही करावयास शेजारचे गृहस्थ तयार होते. परंतु आत्याबाईंनी स्पष्ट सांगितले की, दादा आल्याखेरीज आपण भूल घेणार नाही.

एकत्र कुटुंबात अशा वेळी जे होते तेच झाले. चहाचे आधण उकळून उकळून आटले आणि माजघरात परिषद भरली. कोल्हापुरास जाणारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला थांबते खरी. पण ती संध्याकाळनंतरची, म्हणजे निरुपयोगी. धाकट्या बंधूंचे म्हणणे, तत्काळ मोटार काढावी. दादांच्या सूनबाईंचे म्हणणे असे की, मामंजींचे वय अडुसष्ट, त्यांना मधुमेह. सात-आठ तास मोटारीत बसविण्यापेक्षा विमानाने न्यावे. त्या दिवसांत मुंबई-कोल्हापूर विमान आठवड्यातून तीनच दिवस, मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी जात असे. सुदैवाने वार मंगळवार होता. तिकिटावर प्रवासाचा वेळ पंचावन्न मिनिटे छापला होता. वादाचा निकाल कोणाच्याच बाजूने लागेना, म्हणून दोन तुकड्या केल्या. धाकटे बंधू व त्यांच्या पत्नी मोटारीने पावणेसहास निघाल्या. दादा व आम्ही विमानाने जावयाचे ठरले. आमचे विमान अकराचे होते, म्हणून आम्ही साडेसातास घर सोडले.

दोन्ही तुकड्यांच्या वेळा दादांच्या नातवाने, म्हणजे इयत्ता नववीत शिकणाऱ्या मुलाने, फोनवरून विचारून एका वहीत लिहून ठेवल्या. ती वही पुढे पुष्कळ उपयोगी पडली, म्हणून तिच्यातील नोंदी येथे देतो. शीळफाटा, महापे, ऐरोली असे करीत आमची भाड्याची मोटार विमानतळावर ९-२५ ला पोहोचली, म्हणजे एक तास पंचावन्न मिनिटे. सामानाची व अंगाची तपासणी, मग प्रतीक्षा, मग विलंबाची सूचना. विमान आपल्या जागेवरून हलले ११-३५ ला, म्हणजे विमानतळावर आमचे दोन तास दहा मिनिटे गेले. धावपट्टीच्या रांगेत उभे राहून त्याने ११-५५ ला जमीन सोडली. १२-३७ ला चाके कोल्हापूरच्या धावपट्टीस लागली आणि १२-४२ ला विमान स्थिर झाले. तेथून रुग्णालयाच्या दारात १-१० ला. एकूण पाच तास चाळीस मिनिटे. त्यांपैकी आकाशात बेचाळीस मिनिटे.

मोटारीची तुकडी १-२० ला आली. पनवेल, द्रुतगती मार्ग, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, सातारा, कऱ्हाड असा सुमारे ३६५ किलोमीटरांचा रस्ता. दोन ठिकाणी मिळून पाऊण तासाचा थांबा. एकूण सात तास पस्तीस मिनिटे. आम्ही पावणेदोन तास उशिरा निघून दहा मिनिटे आधी पोहोचलो. धाकटे बंधू आजही सांगतात की, आपण वाटेत मिसळ खाल्ली नसती तर विमानास हरविले असते.

दादा आत गेले तेव्हा आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी दादांचा हात चाचपून ओळखला आणि म्हणाल्या, "आलास का रे? मग आता खुशाल कापू दे त्यांना." शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली.

पुढील आठवड्यात घरी परतल्यावर नातवाने आम्हांस विचारले की, विमान ताशी आठशे किलोमीटर जाते, मग अंतर किती? त्याला उत्तर यंत्रावर शोधू न देता आम्ही पंचांग पुढे केले. त्यात गावांच्या अक्षांश-रेखांशांचे कोष्टक असते. आपण ते सूर्योदय काढण्यापुरतेच पाहतो. मुंबई १९ अंश ५ कला उत्तर, ७२ अंश ५२ कला पूर्व. कोल्हापूर १६ अंश ४० कला उत्तर, ७४ अंश १७ कला पूर्व. म्हणजे दक्षिणेकडे २ अंश २५ कला आणि पूर्वेकडे १ अंश २५ कला. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तितकाच असतो, परंतु ध्रुवाकडे जावे तसा तो आखडत जातो. आपल्या अक्षांशावर त्याला ०.९५ ने गुणावे लागते. दक्षिणोत्तर २६८, पूर्वपश्चिम १४९. मग पायथागोरसाच्या सिद्धांताने कर्ण काढला, तो ३०७ किलोमीटर निघाला. विमानतळांच्या नेमक्या जागा धरून काढले तर ३०८ येतात. इतक्या थोड्या अंतरावर पृथ्वीचा गोलावा हिशेब बिघडवीत नाही. मुंबई-लंडनसारख्या प्रवासास मात्र हा कर्ण चालत नाही. तेथे गोलावर ताणलेला दोरा, म्हणजेच बृहद्वृत्ताचा कंस घ्यावा लागतो. घरी पृथ्वीचा गोल असेल त्यांनी मुलांकडून दोरा ताणवून पाहावा. सपाट नकाशावर जी वाट उगाच उत्तरेकडे वाकलेली दिसते तीच सर्वांत जवळची ठरते, हे पाहून मोठ्या माणसांसही नवल वाटते.

ही विद्या आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातील गोलाध्यायात पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने दिला आहे, आणि तो काढण्याची रीतही दिली आहे : एकाच रेखांशावरील दोन गावांचे अंतर मोजावे, त्यांच्या अक्षांशांतील फरक पाहावा आणि त्रैराशिक मांडावे. आमच्या नातवाने केले ते याच त्रैराशिकाचे उलटे रूप होय. त्याच कोष्टकातून त्याने आणखी एक गोष्ट काढली. रेखांशाच्या अंशास चार मिनिटे या प्रमाणाने कोल्हापूरचा खरा मध्यान्ह मुंबईच्या आधी ५ मिनिटे ४० सेकंद होतो. आत्याबाईंच्या घरचा नैवेद्य आमच्या आधी का होतो याचे हे एक शास्त्रीय कारण, असे त्याच्या आजीने लगेच सांगून टाकले.

परंतु खरी मौज पुढे आहे. मानपाड्यापासून विमानतळ पश्चिमेकडे आहे आणि कोल्हापूर दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला. नातवाने आमच्या घराचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला, तेव्हा आमच्या दारापासून कोल्हापूरचे सरळ अंतरही जवळजवळ तेवढेच, ३०८ किलोमीटरच, निघाले. म्हणजे दोन तास खर्चून आम्ही विमानतळावर गेलो तेव्हा कोल्हापूरच्या एक किलोमीटरही जवळ आलो नव्हतो! हे अंतर पाच तास चाळीस मिनिटांनी भागले तर वेग ताशी ५४ किलोमीटर पडतो. आठशे किलोमीटर वेगाच्या जेट विमानात बसलेल्या माणसाचा दारापासून दारापर्यंतचा वेग हा असा.

आता विमानाने तरी पंचावन्न मिनिटे का घ्यावीत? ३०८ किलोमीटरांस ताशी आठशेच्या वेगाने तेवीसच मिनिटे लागावयास हवीत. याचे उत्तर जाणून घेण्यासारखे आहे, कारण लहान पल्ल्याच्या सर्व विमानप्रवासाचे मर्म त्यात आहे.

पहिली गोष्ट अशी की, तिकिटावर छापलेला वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतोच. विमानाच्या चाकांना लावलेले अटकावाचे ठोकळे काढल्यापासून ते दुसऱ्या गावी पुन्हा लावीपर्यंतचा तो काळ असतो. त्यात जमिनीवरचे रांगणे येते आणि धावपट्टीच्या तोंडाशी उभे राहणेही येते. मुंबईच्या जुन्या विमानतळास दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग करता येतो. शेकडो मोठ्या विमानांच्या रांगेत आमचे पन्नास आसनांचे छोटे विमान म्हणजे राजरस्त्यावरील वरातीत सापडलेली सायकलच. कंपन्या या खोळंब्याचा अंदाज छापील वेळेत आधीच मिळवून ठेवतात. त्यामुळे विमान कधी कधी 'वेळेआधी' पोहोचते आणि आपण वैमानिकाला दुवा देतो.

दुसरी गोष्ट चढण-उतरणीची. जेट विमानाचा पुरा वेग पातळ हवेत, उंचावरच मिळतो. उतरणीचा ठोकताळा वैमानिकांत असा आहे की, दर हजार फूट उंचीस तीन सागरी मैल हाताशी ठेवावेत. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. समजा विमान चोवीस हजार फुटांवर गेले. तर त्यास बहात्तर सागरी मैल, म्हणजे सुमारे १३३ किलोमीटर आधीच उतरू लागले पाहिजे. चढण्यास शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले असे धरले, तर सपाट उडण्यास जेमतेम पन्नास ते पाऊणशे किलोमीटर, म्हणजे चार-पाच मिनिटे उरतात. चढून होते न होते तोच उतरावयाचे! शिवाय विमान आपल्या मनाच्या सरळ रेषेने जात नाही. धावपट्टी ज्या दिशेस असेल तिकडे उडावयाचे, नियंत्रकाने नेमून दिलेल्या वाटेने वळावयाचे, उतरताना वाऱ्याच्या तोंडावर येण्यासाठी पुन्हा वळसा घ्यावयाचा. मोठ्या पल्ल्यात हे वळसे हरवून जातात. तीनशे किलोमीटरांत मात्र ते डोळ्यांत भरतात.

यावरून कोणी समजू नये की लहान पल्ल्याचे विमान म्हणजे निव्वळ हौस. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान जाते. अंतर २.७ किलोमीटर, छापील वेळ दोन मिनिटे, आणि उत्तम वारा असता हे अंतर ५३ सेकंदांत तोडल्याची नोंद आहे. तेथे मध्ये समुद्र आहे. शिक्षक व रुग्ण त्याच विमानाने जातात-येतात. तेथे विमानाची तुलना होडीशी करावयाची असते. आपल्याकडे ती मोटारीशी व आगगाडीशी करावी लागते, आणि या तिघांत कोण जिंकेल हे आकाशात ठरत नाही, घर ते विमानतळ या रस्त्यावर ठरते.

कोल्हापूरचे विमानतळ तसे जुने, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत १९३९ साली उजळाईवाडीस झालेले. त्याआधी सातच वर्षे, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईच्या जुहू मैदानावर एकइंजिनी 'पुस मॉथ' उतरविले होते. ताशी शंभर मैलांच्या आसपास त्याचा वेग. गंमत अशी की, त्या वेगानेही मुंबई-कोल्हापूर अंतर दोन तासांत पार झाले असते, आणि जुहूस तपासणीच्या रांगा नव्हत्या! मध्यंतरी कोल्हापूरची धावपट्टी वर्षानुवर्षे सुनीसुनी पडली. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेत तासाभराच्या प्रवासास काही आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांवर जाऊ न देण्याची अट होती. त्या योजनेखाली २०१८ साली तेथे पुन्हा विमाने येऊ लागली, आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले.

आमच्या मानपाड्याजवळही एक धावपट्टी होती, हे नव्या पिढीतील थोड्यांनाच ठाऊक असेल. मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानतळ बांधले. युद्ध संपले, जमीन मात्र संरक्षण खात्याकडे राहिली. शेतकऱ्यांचे म्हणणे की, ती युद्धापुरतीच घेतली होती. २२ जून २०१७ रोजी या वादाचा भडका उडाला, रस्ते बंद झाले, पोलिसांची वाहने जळाली. ज्यांच्या तीन पिढ्या त्या जमिनीकडे कुंपणाबाहेरून पाहत आल्या, त्यांच्यापुढे 'येथेच विमानतळ झाले तर आपल्याला किती सोयीचे' असे बोलणे आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाही. जरी ते आमच्या घरात बोलले जाते.

आत्याबाईंची हकीकत अपुरी राहिली, ती सांगितली पाहिजे. खुबा सांधला, पण छाती भरली. पुढल्याच महिन्यात, एका सोमवारी पहाटे सव्वातीनला पुन्हा फोन वाजला. या वेळी परिषद भरली नाही. विमान दुसऱ्या दिवशीचे, आगगाडी संध्याकाळची. चार वाजता दादा, धाकटे बंधू व आम्ही मोटारीने निघालो. शीळफाट्यावर त्या वेळी चिटपाखरू नव्हते. द्रुतगती मार्गही मोकळा होता. सव्वानऊच्या सुमारास, कऱ्हाडच्या अलीकडे, फोन आला. धाकट्या बंधूंनी गाडी बाजूस घेतली. दादांनी ऐकून घेतले, फोन खिशात ठेवला आणि बराच वेळाने म्हणाले, "आता सावकाश चालव." कोल्हापूर तेथून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर होते. वाटेत एकदा त्यांनी विचारले की, विमान रोज असते तर? धाकट्या बंधूंनी हिशेब करून सांगितले की, तरी दुपारचा एक वाजलाच असता. दादांनी मान हलविली. हा हिशेब ऐकून त्यांना बरे वाटले की अधिक वाईट वाटले, ते आम्हांस कळले नाही.

नंतर नवी मुंबईचे विमानतळ झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरास तेथून विमाने उडू लागली. आमच्या नातवाने, तो आता महाविद्यालयात आहे, जुनी वही पुन्हा बाहेर काढली. नव्या विमानतळापासून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा अठरा-वीस किलोमीटर कमी. मुख्य म्हणजे ते आम्हांस कोल्हापूरच्याच दिशेस, दक्षिणेकडे आहे, तेव्हा घरापासून तेथवर गेलेला वेळ अगदीच पाण्यात जात नाही. आमच्या दारापासून सरळ अंतर चोवीस किलोमीटर, जुन्याचे अठ्ठावीस. कागदावर लाभ चारच किलोमीटरांचा. परंतु मुंबई शहरात शिरावे लागत नाही, हे त्याहून मोठे.

वाचकांपैकी ज्यांना असा प्रवास नित्य पडतो त्यांनी आपल्या घरापुरती अशी वही अवश्य ठेवावी, असे आम्ही सुचवितो. तिकिटावरचा वेळ एका रकान्यात, घराच्या दारापासून पलीकडच्या दारापर्यंतचा दुसऱ्यात, आणि विमान कोणत्या वारी असते हे तिसऱ्यात. तिसरा रकाना आमच्या वहीत पूर्वी नव्हता. वेळापत्रके ऋतूगणिक बदलतात, म्हणून तो दर दिवाळीस व दर पाडव्यास पुन्हा पाहावा लागतो; ते काम आता सूनबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.

नातवाने नव्या विमानतळासाठी वहीत नवे पान घातले आहे. त्यावर सरळ अंतरे त्याने शाईने लिहिली आहेत. मानपाडा नाका ते शीळफाटा या पुढचा वेळ मात्र, रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून, तो पेन्सिलीनेच लिहितो.